चार बोटांच्या खाली

मी एक जुनी परखी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी रूप सांगते. हातभर लांबीची लोखंडी नळी, पुढं अणकुचीदार टोक, पोटाशी एक उभी चीर आणि मागं बाभळीची मूठ. शिवलेल्या पोत्यात मला खुपसायचं आणि बाहेर ओढायचं, की पोतं न उघडता आतलं मूठभर धान्य हातावर येतं. जे आत असेल तेच येतं. खोटं बोलायची सोय माझ्या पोटात केलेलीच नाही.

मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आताच उठा. मी चिडकी आहे आणि मला त्याची लाज नाही. आयुष्यात मी धान्यातल्या पोरकिड्यांत गेले, उंदरांच्या लेंड्यांत गेले, पावसानं कुजलेल्या तांदळात गेले. नाकाला पदर लावावा असा तो वास. पण शिसारी म्हणतात ती मला तिथं कधी आली नाही. ती आली माणसांची, आणि तीही भर रस्त्यावर, भर उजेडात.

माझा जन्म तासगावच्या एका लोहाराच्या भात्यापुढं झाला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सांगलीचे अडतदार जिनपाल शेट मुद्दाम तिथवर आले होते. त्यांनी लोहाराला सांगितलं, "टोक असं कर, की पोत्याचा ताग तुटू नये. नुसता बाजूला व्हावा. माल बघायचाय, पोतं फाडायचं न्हाई."

जिनपाल शेटांच्या दुकानात माझी चार वर्षं सुखात गेली. शाळू, हरभरा, राळं, गहू, सगळ्यांच्या पोटात मी जाऊन आले. शेटांची एक रीत होती. परखी ते एकदा नाही, तीनदा घालायचे. वर, मध्ये आणि तळाशी. दाणा आधी शेतकऱ्याच्या तळहातावर घ्यायचे, मग स्वतःच्या. बघून झालं की तो मूठभर दाणा पुन्हा त्याच पोत्यात जायचा, आणि माझ्यानं पडलेलं भोक शेट अंगठ्यानं चोळून बुजवायचे. शेजारच्या दुकानांत नमुन्याच्या दाण्यांचे ढीग लागत. कुणी शेटांना हसत म्हणायचं, "शेट, परखीचा दाणा अडत्याचाच असतो की!"

"पोत्यातनं आलाय, पोत्यात जाईल," शेट म्हणायचे. बस्स. पुढं व्याख्यान नाही.

पाडव्याला मला हळदकुंकू लागायचं. शेटांची सून राजमती मला चिंचेनं घासायची. मी अशी लखलखायची, की विचारू नका. त्या वेळी मला वाटायचं, सगळं जग असंच तळापर्यंत बघणारं असेल. खुळी होते मी.

मग लढाई आली. ती लढाई लांब कुठं तरी चालली होती, पण धान्य मात्र आमच्याकडचं गायब व्हायला लागलं. आता तुम्हांला एक समजून घ्यावं लागेल. तेव्हा आमच्या मुलखाचे तुकडे तुकडे होते. हे गाव या संस्थानाचं, ते गाव त्या संस्थानाचं आणि मधलं एखादं इंग्रजांचं. इंग्रजांच्या गावाला लोक 'खालसातलं गाव' म्हणायचे. एकाच ओढ्यावर दोन राजांची धुणी. पूर्वी त्याचं कुणाला काही वाटत नसे. नाक्यावर किरकोळ जकात टाकायची आणि बैल हाकायचे. सोयरिकी इकडून तिकडं, बाजार तिकडून इकडं. लढाईत हुकूम सुटला, की परवान्याशिवाय धान्याचा एक दाणा हद्दीबाहेर जायचा नाही. इकडचा तिकडं नाही, तिकडचा इकडं नाही.

हुकूम वाचायला चांगला होता. गरिबाच्या तोंडचं धान्य बाहेर जाऊ नये म्हणून केला होता म्हणे. तो वापरला कसा गेला, ते सांगते.

सोनकुंडी नावाच्या गावाच्या वेशीवर एका संस्थानाचा नाका होता. ओढ्यापलीकडं डोहवाडी, खालसातली. या नाक्याचे कारकून नानासो एकदा सांगलीला आले आणि सरकारी कामाला म्हणून मला जिनपाल शेटांकडून मागून घेऊन गेले. शेटांनी मला कपाळाला लावलं. म्हणाले, "काम झालं की परत आणून द्या. आणि तीनदा घाला." नानासोंनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं?

नाक्यावर पहिल्याच दिवशी मला कळलं, की इथं परखीचा दाणा पोत्यात परत जात नाही. नानासोंच्या खुर्चीखाली रॉकेलचा एक रिकामा डबा होता, त्यात तो जायचा. एखादी म्हातारी पदरात शेरभर शाळू बांधून लेकीकडं निघाली, की घाल परखी, सांड डब्यात. "नमुना," नानासो म्हणायचे. उरलेलं धान्य जप्त, तेही डब्यात. डबा भरला की पोत्यात. आणि पोतं भरलं की लालासाहेबांच्या गाडीत.

लालासाहेब हे सोनकुंडीतलं बडं प्रस्थ. डोक्याला जरीचा फेटा, अंगाला अत्तराचा वास. त्यांच्याजवळ परवाना होता. धान्याचा नव्हे, कोंड्याचा. 'जनावरांसाठी गव्हाचा कोंडा' असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली साहेबाची सही होती. आठवड्यातून दोनदा त्यांच्या तीन गाड्या ओढा ओलांडायच्या. नानासो उठून उभे राहायचे, मला हातात घ्यायचे आणि पोत्याच्या तोंडाशी वरच्या वर घालायचे. चार बोटं. मोजून चार बोटं. कोंडा यायचा. "कोंडाच आहे, जाऊ द्या," म्हणायचे.

आणि माझ्या टोकाला खालचा गरगरीत शाळू लागायचा हो! अगदी लागायचा. मी लोखंडाची. मला ओरडता आलं असतं तर मी त्या माळावर बोंब ठोकली असती. चार बोटांच्या खाली पोतंच्या पोतं जोंधळ्याचं, आणि तो डोहवाडीत जाऊन चौपट भावानं विकला जायचा. डोहवाडीच्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात मिळायचं ते धान्य कोंबडीनंही चोचीत धरलं नसतं. लोक चिंचोके भाजून दळत होते. अंबाडीच्या पाल्यात मूठभर पीठ कालवून खात होते. रस्ता एकच होता. त्या रस्त्यानं लालासाहेबांचं पोट मोठं होत गेलं आणि डोहवाडीचं आत गेलं. आणि मी कुणाच्या बाजूनं? तर खुर्चीच्या. थू!

त्या नाक्यावर एकच गोष्ट सुटायची. माहेरवाशिणीची ओटी. बाई माहेराहून सासरी निघाली, की आई तिच्या पदरात खण-नारळ आणि पाच मुठी धान्य घालते. आमच्या भागात त्याला वटी म्हणतात. एकदा नानासो एका पोरीच्या वटीत मला घालायला निघाले होते. नाक्यावरचा शिपाई हरिबा, पहिल्या लढाईत पलटणीतून फिरून आलेला माणूस, तो मध्ये उभा राहिला.

"सायेब, वटी हाय ती. वटीत पडल्यालं कुणी माघारी घेत न्हाई. माझी नोकरी घ्या पायजे तर."

नानासोंना स्वतःला दोन लेकी होत्या. ते ओशाळले. म्हणाले, "पाच मुठी सोडायच्या. सहावी नाही." तेवढी एक लाज त्या नाक्यावर शिल्लक होती.

त्रेचाळीस सालातला वैशाख असेल. सोनकुंडीची राहीबाई आपल्या लेकीला, अंजनाला, सासरी पोचवायला नाक्यावर आली. अंजना पहिलटकरीण. माहेरी बाळंत होऊन तीन महिने झाले होते, आणि सासर डोहवाडीत. काखेत बाळाचं गाठोडं. मुलगी होती, विजयमाला नाव ठेवलं होतं. रांगेत आठ-दहा बायका होत्या. त्यांच्याशी बोलताना राहीबाईच्या पोटातलं ओठावर आलंच.

"पोरीचं दूध आटंल गं तितं. चिंचोके खाऊन कुठलं दूध यायचं? थोरल्या जावंचं लेकरू गेल्या म्हयन्यात गेलं. आईच्या पोटात चार घास गेलं तर लेकराच्या तोंडात यील."

अंजनानं तिला कोपरानं ढोसलं. पण मला सगळं समजलं, कारण बाळाच्या डोक्याखालची उशी मला दिसत होती.

तुमच्या आयांना विचारा, तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून डोक्याखाली राळ्याची उशी देतात. चिमुकली, तळहाताएवढी. राहीबाईनं केलेली उशी हातभर लांब होती, चांगली गलेलठ्ठ. तीन शेर राळं तरी असेल. माया माणसाला असं खुळं करते. तिला वाटलं, बाळाच्या उशीला कोण हात लावणार?

नानासोंनी अंजनाची ओटी पाहिली. "पाच मुठी. ठीक." मग त्यांची नजर गाठोड्यावर गेली. "ते काय?"

"पोर हाय काका. निजलीया."

"डोक्याखाली काय आहे?"

राहीबाई पुढं झाली. "उशी हाय, आवं. राळ्याची उशी. सगळ्यांच्या लेकरांला आसती की! तुमच्या लेकरांला नव्हती व्हय?"

"एवढी?"

"डोस्कं मोठं हाय नातीचं," राहीबाई म्हणाली. रांगेत बायका हसल्या. नानासोंना हसलेलं आवडलं नाही.

"पोर उचल."

"आत्ता डोळा लागलाय तिचा. जरा..."

नानासो थांबले नाहीत. त्यांनी मला उचललं आणि पोर अंगावर निजलेली असताना तिच्या डोक्याखालच्या उशीत खुपसलं. माझं टोक त्या लेकराच्या कानापासून दोन बोटांवरून आत गेलं. तिचा श्वास मला लागला. कोवळा, दुधाचा वास असलेला. मी मुठीपर्यंत आत गेले. तळापर्यंत! लालासाहेबांच्या पोत्यात चार बोटं जाणारी मी, तीन महिन्यांच्या पोरीच्या उशीत तळापर्यंत गेले.

पोर किंचाळून उठली. अंजनानं तिला छातीशी ओढलं. नानासोंनी उशीची शिवण माझ्याच टोकानं उसवली आणि सोन्यासारखं राळं खळखळ डब्यात ओतलं. रिकामी खोळ राहीबाईच्या अंगावर टाकली.

"कायदा आहे, बाई."

राहीबाई खाली बसली. रडली नाही. खोळ उलटी करून शिवणीत अडकलेले दाणे एकेक करून काढायला लागली. हरिबा दुसरीकडं बघत होता. मला तेव्हा इतका तिटकारा आला सगळ्यांचा, त्या खुर्चीचा, त्या डब्याचा आणि सगळ्यांत जास्त माझा, की लोहारानं मला जन्मतःच मोडून खिळे केले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. लालासाहेबांच्या तीन गाड्या आल्या. पुढच्या गाडीवर स्वतः लालासाहेब.

"काय नानासो, आज लय गर्दी? सोडा आमाला. ऊन व्हतंय."

नानासो लगबगीनं उठले. मला राळ्याच्या धुळीसकट तशीच घेऊन पहिल्या पोत्याच्या तोंडाशी घातलं. चार बोटं. कोंडा आला. "कोंडा आहे. चालू द्या." लालासाहेबांनी विडी पुढं केली. ती घ्यायला म्हणून नानासोंनी मला गाडीच्या कठड्यावर ठेवलं.

राहीबाई उठली.

"आवं नानासो," ती म्हणाली. "तेवढंच? माझ्या नातीच्या उशीत तळापत्तूर गेलासा की."

"गप बस, बाई."

"न्हाई, इचारते. उशीत तळ आसतो, पोत्यात नसतो व्हय?"

आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं मला उचललं. तिच्या हाताला राळ्याची धूळ होती. तिनं मला पोत्याच्या खालच्या कुशीत घातलं. मुठीपर्यंत. मग बाहेर ओढायच्या ऐवजी तिनं मला आतच गरकन फिरवलं आणि खाली खेचलं. तागाचे धागे तटातट तुटले. जिनपाल शेटांनी मला पोतं फाडायला केलं नव्हतं, पण त्या दिवशी मी फाडलं, आणि आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

कोंडा नाही आला. पांढराशुभ्र टपोरा शाळू आला, धो धो. राहीबाई ओरडली, "अंजे, पदर धर!"

अंजनानं एका हातानं पोर सावरली, दुसऱ्या हातानं पदर पसरला. शाळू नारळावर, खणावर, पाच मुठींवर पडत राहिला. मग मागची एक बाई पुढं झाली, तिनं पदर पसरला. मग दुसरी. मग सगळ्या.

"पाच मुठी!" नानासो ओरडत होते. "पाचच मुठी सोडायचा हुकूम आहे!"

"मग मोजा की सायेब," हरिबा म्हणाला. तो आता सरळ बघत होता. "घाला बायकांच्या पदरात हात, आन् मोजा."

नानासोंचा हात पुढं आला आणि तिथंच राहिला. एवढ्या माणसांपुढं भरल्या वटीत हात घालायची छाती त्या नाक्यावर कुणाची नव्हती.

आता लालासाहेबांनी काय केलं असेल? तुम्हांला वाटेल, संतापले, चाबूक उगारला. छे! संतापले असते तर मला त्यांची थोडी तरी इज्जत वाटली असती. त्यांनी फेटा सारखा केला, गाडीवर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून हसले.

"घ्या भैनींनो, घ्या! भावाकडनं वटी समजा. लालासाहेब कुणाला उपाशी ठिवत न्हाई."

आणि रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "माणूस दिलदार हाय बरं का!" दोघा-चौघांनी माना डोलावल्या. ओकारी यावी असा तो क्षण. ज्यानं गावाचं तोंड शिवलं त्याचेच गुण गायला लागले, आणि तेही त्याच्या पोत्याला पडलेल्या भोकापुढं उभं राहून!

राहीबाईनं मात्र त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं.

"तुमी दिलं न्हाईसा, लालासाहेब. सांडलंया. आन् मी सांडलंया. वटी घरच्या दाण्यानं भरत्यात, चोरीच्या न्हवं. ही वटी न्हवं. नातीची उशी माघारी घेतलीया मी."

तिनं अंजनाच्या पदरातला शाळू ओंजळीनं त्या रिकाम्या खोळीत भरला, डोकीच्या आकड्यानं तोंड टोचून बंद केलं, आणि विजयमालेला त्यावर निजवलं. मग लेक आणि नात ओढा उतरून गेल्या. कुणी अडवलं नाही. राहीबाई अलीकडच्या काठावर त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी होती.

मित्रांनो, इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पुढचंही मला सांगितलंच पाहिजे. नानासोंचा सगळा राग माझ्यावर निघाला. माणसावर काढायची सोय नव्हती ना! गर्दी पांगल्यावर त्यांनी माझं टोक दगडाच्या फटीत घातलं आणि अंगाचा भार टाकला. टोकापासून बरोबर चार बोटांवर मी वाकले. मग मला कोपऱ्यात भिरकावलं. लालासाहेबांच्या गाड्या महिनाभर दुसऱ्या वाटेनं गेल्या, मग पुन्हा इथूनच जायला लागल्या. पुढं डोहवाडीत त्यांचा सत्कार झाला. गावाला धान्य पुरवणारे थोर गृहस्थ म्हणून. हार, नारळ, भाषणं, सगळं. हरिबानं ते नाक्यावर येऊन सांगितलं आणि पचकन थुंकला. पण त्याच दमात त्यानं दुसरंही सांगितलं, "राहीबाईच्या नातीला दात आलं म्हणं. गुटगुटीत हाय." कोपऱ्यातल्या जाळ्यांत पडून मी ते ऐकलं. पुढची पाच वर्षं तेवढ्यावर काढली.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली. नाका उठला. आडवा बांबू कुणी तरी जळणाला नेला. हरिबानं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि चालत सांगलीला आला. "शेट, तुमची परखी. उशीर झाला."

जिनपाल शेट थकले होते. त्यांनी मला कपाळाला लावलं, माझ्या बाकावरून बोट फिरवलं. "कुणी वाकवली गं तुला?" एवढंच म्हणाले. मग सवयीनं त्यांनी मला समोरच्या पोत्यात घातलं. मी चार बोटं आत गेले आणि अडले. त्यांनी जोर लावला. मी हलले नाही. नानासो जेवढी घालायचे, तेवढीच मी आता जाते.

तेव्हापासून मी इथं खुंटीला टांगलेली आहे. तुम्ही पोरं दुकानात येता, मला हात लावता, राजमतीबाई पाडव्याला अजून मला घासतात. मी चकाकते. चकाकून काय करू? ओढ्यावरची हद्द गेली, पण समोरच्या रस्त्यानं रोज पोती जातात, आणि त्यांच्या तोंडाशी काय आहे ते सगळे बघतात. खाली काय आहे ते कुणी बघत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं एकच मागणं आहे. मला घासू नका, कुंकू लावू नका. तासगावला तो लोहार अजून आहे. मला त्याच्याकडं न्या, लाल होईस्तोवर तापवा आणि ऐरणीवर ठोकून सरळ करा. दुखेल मला, दुखू द्या. आणि मग पहिलं पोतं येईल त्याच्यात मला मुठीपर्यंत घाला.